कॉपर ॲसिटेटचं मॅग्नेटिक मोमेंट १.४ च का येतं?

निळी_शाई | १२ डिसेंबर, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. मी नागपूरला एमएस्सी रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. इथे रसायनशास्त्र शिकवणारे बरेच जण आहेत असं वाचून धागा काढते आहे.

आमच्या प्रॅक्टिकलला गॉय बॅलन्स आहे, म्हणजे चुंबक पदार्थाला किती ओढतो ते वजनावरून मोजायचा तराजू. काचेची सपाट बुडाची नळी तराजूच्या एका बाजूला दोऱ्याने टांगायची. तिचं बूड चुंबकाच्या दोन ध्रुवांच्या मधोमध आलं पाहिजे आणि वरचं टोक चुंबकाच्या बाहेर. आधी करंट बंद ठेवून वजन, मग चालू करून वजन. पॅरामॅग्नेटिक (एकटे इलेक्ट्रॉन असलेला) पदार्थ खाली ओढला जातो, म्हणून वजन काही मिलिग्रॅमनी वाढतं. पंखा बंद ठेवावा लागतो, नाहीतर नळी डुलत राहते.

मोरचुदाचं (कॉपर सल्फेटचं) मॅग्नेटिक मोमेंट, म्हणजे चुंबकत्वाचं माप, १.९ बोर मॅग्नेटॉन (हे त्याचं एकक) आलं. कॉपर टू मध्ये एक एकटा इलेक्ट्रॉन असतो, नुसत्या स्पिनचं (इलेक्ट्रॉनच्या स्वतःच्या चुंबकत्वाचं) उत्तर १.७३ आणि प्रत्यक्षात १.८ ते २.० मिळतं, तेव्हा इथवर ठीक. त्याच दिवशी, त्याच नळीत कॉपर ॲसिटेट मोनोहायड्रेट भरलं तर आलं १.४. नळी रिकामी केली, पावडर पुन्हा खलात घोटली, थोडी थोडी टाकत लाकडी पट्टीवर ठोकून ठोकून भरली. पुन्हा १.४. तिसऱ्यांदाही तेच.

तपासणाऱ्या सरांनी "पॅकिंग सैल आहे" असं लिहून मार्क कापले. मार्कांचं वाईट वाटलंच, पण डोक्यातून गेला नाही तो आकडा. पॅकिंग सैल असतं तर तीन वेळा तेच उत्तर कसं येईल? नोट्समध्ये एवढंच एक वाक्य सापडलं की कॉपर ॲसिटेट "डायमर आहे आणि दोन कॉपरमध्ये बंध आहे". डायमर म्हणजे जोडी. बंध असेल तर दोन्ही इलेक्ट्रॉन जुळून जायला हवेत आणि उत्तर शून्य यायला हवं. बंध नसेल तर १.९. मग हे मधलंच १.४ कुठून आलं?

---

अमरावती_रोड | १३ डिसेंबर, सकाळी ६.१५

बेटा, तुझं रीडिंग बरोबर आहे. खोलीच्या तापमानाला दर कॉपरमागे साधारण १.४ हाच कॉपर ॲसिटेटचा आकडा. मी चौतीस वर्षं इनऑरगॅनिक शिकवलं, निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. तू तीनदा नळी भरलीस हे वाचून बरं वाटलं.

आता तुझा प्रश्न. दोन कॉपर शेजारी आहेत, प्रत्येकाकडे एक एकटा इलेक्ट्रॉन. हे दोन इलेक्ट्रॉन एकमेकांच्या विरुद्ध तोंड करून राहिले तर जोडीचा एकूण स्पिन शून्य. त्याला सिंग्लेट म्हणायचं. दोघं एकाच दिशेने राहिले तर एकूण स्पिन एक, तो ट्रिप्लेट. कॉपर ॲसिटेटमध्ये सिंग्लेट खाली आहे आणि ट्रिप्लेट त्याच्या वर सुमारे २८६ वेव्हनंबरवर (हे ऊर्जेचं एकक). तापमानाच्या भाषेत हे अंतर होतं साधारण ४११ केल्विन.

रासायनिक बंधाच्या मानाने हे अंतर फारच लहान आहे. खोलीतली उष्णताच त्याच्या तोडीची असते. म्हणून ३०० केल्विनला सगळ्या जोड्या खाली बसलेल्या नसतात. हिशेब मांडलास तर दिसेल की साधारण ४३ टक्के जोड्या ट्रिप्लेटमध्ये आणि उरलेल्या सिंग्लेटमध्ये असतात. सिंग्लेटवाल्यांना चुंबक ओढत नाही, ट्रिप्लेटवाल्यांना ओढतो. तुझा १.४ या मिश्रणातून आला. तो ना शून्य, ना १.९.

या शोधाचा क्रमही सांगून ठेवतो, कारण मला तो फार आवडतो. १९५१ मध्ये गुहा या भारतीय शास्त्रज्ञांनी दाखवलं की कॉपर ॲसिटेट खूप थंड करत गेलं की त्याचं चुंबकीय ओढलं जाणं वाढण्याऐवजी घटतं. साधा पॅरामॅग्नेट याच्या बरोबर उलट वागतो. १९५२ मध्ये ब्लीनी आणि बोवर्स यांनी ईएसआर स्पेक्ट्रम (एकट्या इलेक्ट्रॉनांचा चुंबकात घेतलेला स्पेक्ट्रम) बघून सांगितलं की यात कॉपर जोडीने असले पाहिजेत. तोवर स्फटिकाची रचना कोणी बघितलेली नव्हती! १९५३ मध्ये व्हान निकेर्क आणि शोनिंग यांनी एक्स-रे ने रचना काढली आणि जोड्या खरंच निघाल्या. आज शिकवताना आपण आधी रचना काढतो, मग चुंबकत्व समजावतो. घडलं उलट्या क्रमाने.

---

इतवारीकर | १३ डिसेंबर, सकाळी ९.०२

सर, मी वाणिज्य शाखेचा माणूस, तरी सगळं वाचून काढलं. आमच्या आजोबांचं इतवारीत भांड्यांचं दुकान होतं. कल्हईवाला दुकानाच्या पायरीशी भाता लावून बसायचा. पितळेचं पातेलं तापून लालसर झालं की नवसागराची चिमूट टाकायचा, पांढरा धूर भस्सकन वर यायचा, आणि कथलाचा तुकडा टेकवून कापसाच्या बोळ्याने गर्रकन फिरवला की आतून चांदीसारखं लख्ख. आजी म्हणायची, कल्हई उडालेल्या भांड्यात ताक ठेवू नका, कळकतं. कडेला हिरवट निळं धरायचं. ते हेच का?

आणि दोन तांबे "जोडीने" म्हणजे नक्की कसे? चिकटलेले?

---

अमरावती_रोड | १३ डिसेंबर, सकाळी ९.४०

इतवारीकर, जवळचं नातं आहे. ताकातलं आम्ल लॅक्टिक, व्हिनेगरमधलं ॲसिटिक. दोन्ही कार्बोक्झिलिक आम्लं, दोन्ही तांब्याला खातात. आजीबाईंचा कळक आणि हिचं कॉपर ॲसिटेट एकच नव्हे, पण एकाच घराण्यातले. रंगकामात जुन्या काळी जंगाल वापरायचे, त्याचा एक प्रकार मात्र हेच कॉपर ॲसिटेट. फ्रान्समध्ये मोंपेलियेला तांब्याचे पत्रे द्राक्षाच्या आंबलेल्या चोथ्यात ठेवून ते काढत.

चिकटलेले का, याचं उत्तर रचनेवाल्यांनी द्यावं. इथे आहेत कोणी?

---

स्फटिकवेडा | १३ डिसेंबर, दुपारी १.२०

आहे सर. मी एक्स-रे डिफ्रॅक्शनवरच काम करतो.

इतवारीकर दादा, फुगडी डोळ्यांसमोर आणा. दोन मुली समोरासमोर, पाय जवळ, हात धरलेले. अंगाला अंग लागत नाही, पण हात सुटले तर दोघी दोन दिशांना. कॉपर ॲसिटेटमध्ये अशा हातांच्या जागी चार ॲसिटेट आहेत. प्रत्येक ॲसिटेटचा एक ऑक्सिजन एका कॉपरला धरतो, दुसरा ऑक्सिजन दुसऱ्याला. चारही बाजूंनी चार. वरून बघितलं तर पाणचक्कीच्या चार पात्यांसारखं दिसतं. दोन्ही टोकांना, म्हणजे प्रत्येक कॉपरच्या डोक्यावर, पाण्याचा एकेक रेणू. या पाण्यांचे हायड्रोजन बंध शेजारच्या जोड्यांना बांधून ठेवतात आणि त्यातून स्फटिक उभा राहतो.

मापं अशी. कॉपर ते कॉपर २.६१६ ॲंगस्ट्रॉम (अणूंमधली अंतरं मोजायचं एकक). कॉपर ते ॲसिटेटचा ऑक्सिजन सरासरी १.९७. कॉपर ते पाण्याचा ऑक्सिजन २.१६ च्या आसपास, म्हणजे पाणी जरा सैल धरलेलं आहे. १९५३ च्या पहिल्या मोजणीत कॉपर-कॉपर अंतर २.६४ आलं होतं. १९७३ मध्ये न्यूट्रॉन डिफ्रॅक्शनने ते पुन्हा नीट मोजलं गेलं, आणि ते काम करणाऱ्या दोघांपैकी एक आपले राजगोपाल चिदंबरम. पुढे अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले तेच. एक्स-रे ला हायड्रोजन नीट दिसत नाही, न्यूट्रॉनला दिसतो. पाण्याचे हायड्रोजन नक्की कुठे आहेत ते त्यामुळे कळलं.

आता बंधाचा प्रश्न. तांब्याच्या धातूत दोन अणूंमधलं अंतर २.५६ असतं, त्यामुळे २.६२ बघितलं की बंध असल्यासारखं वाटतं. पण एक छोटी गोष्ट बघा. प्रत्येक कॉपर आपल्या चार ऑक्सिजनच्या सपाट चौकोनात बसत नाही. तो चौकोनाच्या बाहेर, पाण्याच्या बाजूला, जवळजवळ ०.२ ॲंगस्ट्रॉम सरकलेला असतो. म्हणजे जोडीदारापासून लांब! एकमेकांना धरून असते तर आत सरकले असते.

क्रोमियम ॲसिटेटची रचना अगदी अशीच, चार पाती आणि दोन पाणी, पण तिथे क्रोमियम-क्रोमियम अंतर २.३६ आहे आणि चौपदरी बंध आहे. ते डायमॅग्नेटिकच निघतं, म्हणजे त्यात एकटा इलेक्ट्रॉन उरतच नाही. साचा तोच, पण तिथले दोघं खरंच एकमेकांना धरून आहेत.

---

डी_ऑर्बिटल | १४ डिसेंबर, रात्री ११.०५

माझं थोडं वेगळं मत आहे. आम्हाला शिकवताना डेल्टा बंध असल्याचं सांगितलं होतं. दोन्ही कॉपरचे डी एक्स-वर्ग-वजा-वाय-वर्ग ऑर्बिटल (एकटा इलेक्ट्रॉन राहतो ती चार पाकळ्यांची जागा) समोरासमोर असतात, चार पाकळ्या चार पाकळ्यांवर. फिगिस आणि मार्टिन यांनी १९५६ मध्ये हे मांडलं. डेल्टा ओव्हरलॅप फारच कमजोर असतो, त्यामुळे ट्रिप्लेट जवळच राहतो. म्हणजे २८६ वेव्हनंबरचं उत्तर यातूनही मिळतं. मग बंध नाही असं कशावरून म्हणायचं? दोन अणू इतके जवळ असताना त्यांचं आपसात काहीच चालत नाही, हे पटत नाही.

---

स्फटिकवेडा | १५ डिसेंबर, सकाळी ७.५०

डी_ऑर्बिटल, १९५६ ला ती कल्पना पूर्णपणे वाजवी होती. तिला तपासायचं कसं, हे महत्त्वाचं. इलेक्ट्रॉन थेट समोरच्याशी जुळत असतील तर कॉपर लांब गेल्यावर जोड ढिली झाली पाहिजे, जवळ आल्यावर घट्ट. बरोबर?

१९६९ मध्ये गुडगेम, स्कापस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हे करून पाहिलं. दोन संयुगं घेतली, दोन्हींच्या डोक्यावर पाण्याऐवजी थायोसायनेट. एकात पाती ॲसिटेटची, दुसऱ्यात फॉर्मेटची. ॲसिटेटवाल्यात अंतर २.६४ आणि सिंग्लेट-ट्रिप्लेट फरक सुमारे ३०५ वेव्हनंबर. फॉर्मेटवाल्यात अंतर वाढून २.७२ झालं आणि फरक झाला सुमारे ४८५!

कॉपर लांब गेले आणि जोड दीडपटीहून जास्त घट्ट झाली. थेट डेल्टा बंधाने हे कसं समजवाल? बदललं काय होतं? डोक्यावरचा लिगँड (कॉपरला धरलेला गट) तोच. बदलली फक्त पाती. म्हणजे निरोप पात्यांमधून जातो: कॉपर, ऑक्सिजन, कार्बन, ऑक्सिजन, कॉपर. याला सुपरएक्सचेंज म्हणतात. फुगडीतही एकीचा झोक दुसरीला हातांतूनच कळतो नं.

ट्रायक्लोरोॲसिटेटची पाती लावली तर फरक उतरून २०० च्या आसपास येतो. तीन क्लोरीन इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढून घेतात, कार्बोक्झिलेटच्या भरलेल्या ऑर्बिटलची ऊर्जा खाली जाते, आणि कॉपरच्या ऑर्बिटलशी त्याचा मेळ कमी बसतो.

---

अमरावती_रोड | १५ डिसेंबर, सकाळी ८.३०

हाच तो कळीचा प्रयोग. मी वर्गात फळ्यावर हे दोन आकडे लिहून पाच मिनिटं काही बोलायचो नाही.

निळी_शाई, यात ऑर्बिटलची बाजूही समजून घे. दोन कॉपरच्या दोन ऑर्बिटलांची बेरीज होते आणि वजाबाकी होते. पात्यांची भरलेली ऑर्बिटलं यांपैकी एकीला वर ढकलतात, दुसरीला तेवढं ढकलत नाहीत. दोघींच्या ऊर्जेत जितकी फट, तितका सिंग्लेट खाली. हे (Hay), थिबो आणि हॉफमन या तिघांनी १९७५ मध्ये ही मांडणी केली. मग पात्यांची रसायनं बदलल्यावर जोड का बदलते, हे एकदम उलगडतं. कॉपरमधलं अंतर हे पात्यांच्या मापाचा परिणाम आहे, जोडीचं कारण नव्हे.

एक व्यावहारिक गोष्ट. पुस्तकं बघताना गोंधळशील. कुठे जे ची (दोन स्पिनमधली जोड किती घट्ट, त्या आकड्याची) किंमत उणे १४३ दिसेल, कुठे उणे २८६. दोन्ही बरोबर आहेत. कोणी समीकरणात उणे दोन जे लिहितो, कोणी नुसतं उणे जे. आधी लेखकाने हे ऊर्जेचं समीकरण, म्हणजे हॅमिल्टोनियन, कसं लिहिलंय ते बघ, मग आकडा उचल. माझ्या हाताखालचे चांगले चांगले विद्यार्थी इथे अडकले आहेत.

---

ईएसआरवाली | १५ डिसेंबर, रात्री ९.१५

उशिरा आले, पण ब्लीनी-बोवर्सचं नाव निघाल्यावर राहवलं नाही. मी हा स्पेक्ट्रम स्वतः घेतला आहे, म्हणून तो डोळ्यांना कसा दिसतो ते सांगते.

साधं कॉपर संयुग ठेवलं की ३००० ते ३३०० गाऊसच्या (चुंबकीय फील्डचं एकक) पट्ट्यात सिग्नल येतो. कॉपर ॲसिटेटची पावडर ठेवली की तिथे जवळपास काही नाही. पहिल्यांदा वाटलं, ट्यूब नीट बसली नाही. मग फील्ड वाढवत नेलं आणि ६००० च्या आसपास एक रेष उगवली, आणि एक अगदी सुरुवातीला, शून्याजवळ. एका इलेक्ट्रॉनचा हा स्पेक्ट्रम असूच शकत नाही. ट्रिप्लेटमधल्या दोन इलेक्ट्रॉनांची ही खूण. ट्रिप्लेटच्या तीन पातळ्या चुंबक नसतानाही सुमारे ०.३४ वेव्हनंबरने फाकलेल्या असतात, त्यामुळे रेषा एवढ्या दूर फेकल्या जातात.

मग ट्यूब द्रव नायट्रोजनच्या देवारमध्ये (थर्मासमध्ये). ७७ केल्विनला ट्रिप्लेटमध्ये दीड टक्क्याच्याही आतच जोड्या उरतात, त्यामुळे ६००० वाली रेष विझत गेली. आणि ३२०० जवळ एक बारकी रेष डोकं वर काढू लागली. ती अशुद्धीची, एकट्या राहिलेल्या कॉपरची. खोलीच्या तापमानाला ती लपून होती. तुमच्या नमुन्यात किती एकटे कॉपर आहेत ते बघायचं असेल तर असं थंड करून बघावं. ससेप्टिबिलिटीच्या (पदार्थ चुंबकाकडे किती ओढला जातो त्या मापाच्या) आलेखातही हीच अशुद्धी खालच्या तापमानाला शेपटीसारखी वर उचललेली दिसते.

आणखी एक. थंड केलेल्या स्फटिकात रेषा सात-सात भागांत फुटलेल्या मिळतात, उंची एक, दोन, तीन, चार, तीन, दोन, एक या प्रमाणात. एका कॉपरच्या गाभ्याने (अणुकेंद्राने) चार झाल्या असत्या. सात म्हणजे इलेक्ट्रॉनांना दोन्ही गाभे सारखेच जाणवतात.

---

निळी_शाई | १६ डिसेंबर, संध्याकाळी ७.००

सगळ्यांचे मनापासून आभार. मी सगळं वहीत उतरवून घेतलं. ४११ घालून ब्लीनी-बोवर्स समीकरण (अशा जोडीचं चुंबकत्व तापमानावरून काढायचं सूत्र) स्वतः सोडवलं, त्यातला जी हा स्थिरांक २.१६ घेऊन. ३०० केल्विनला १.४२ आलं!

ईएसआर ताई, आमच्याकडे ईएसआर नाही, द्रव नायट्रोजनही सहज मिळत नाही. जोडी असल्याचं गॉय बॅलन्सवरच दाखवायचा काही मार्ग आहे का?

---

अमरावती_रोड | १७ डिसेंबर, सकाळी ६.२०

आहे. तू नागपुरात आहेस, हेच तुझं उपकरण.

साधा पॅरामॅग्नेट तापला की त्याची ससेप्टिबिलिटी तापमानाच्या व्यस्त प्रमाणात घटते. कॉपर ॲसिटेटचा आलेख मात्र २५५ केल्विनला, म्हणजे शून्याखाली १८ अंशांवर, माथा गाठतो. आपण राहतो त्या तापमानात तो माथ्याजवळच, जवळपास सपाट असतो. आता प्रयोगशाळेत सकाळी १५ अंश असेल, एप्रिलअखेरीस ३८. एवढ्या फरकाने मोरचूद साधारण ८ टक्के घटेल, ॲसिटेट दोन टक्क्यांच्या आत.

पण नुसत्या मिलिग्रॅमची तुलना करू नकोस. उन्हाळ्यात चुंबकाच्या कॉइलचा रोध वाढतो, फील्ड बदलतं. आणि नेहमीच्या पारा-कोबाल्ट मानकाचा (तराजू जुळवून घ्यायला वापरतात त्या पारा-कोबाल्टच्या संयुगाचा) १६.४४ हा ससेप्टिबिलिटीचा आकडा २० अंशांचा आहे. ते मानकही उन्हाळ्यात कमी ओढलं जातं. तेव्हा दोन्ही दिवशी तासाभराच्या आत मोरचूद आणि ॲसिटेट दोन्ही मोज, रिकाम्या नळीचं वजा कर आणि ग्रॅममागचं गुणोत्तर काढ. फील्ड गुणोत्तरातून निघून जाईल. गुणोत्तर उन्हाळ्यात साधारण ६ टक्क्यांनी वाढलं पाहिजे. मोरचुदाची बाटली घट्ट बंद ठेव, कोरड्या हवेत त्याचं पाणी उडतं.

---

डी_ऑर्बिटल | १७ डिसेंबर, रात्री १०.३०

स्फटिकवेडा, फॉर्मेटचा मूळ लेख शोधून वाचला. तुमचं म्हणणं मान्य. माझ्या नोट्समध्ये ते पान बदलून लिहिलं आहे.

एक भर घालतो. हीच पाणचक्की आता सच्छिद्र पदार्थांमध्ये विटेसारखी वापरतात. १९९९ मध्ये हाँगकाँगला बनलेला एचकेयूएसटी-१ हा पदार्थ बघा. बेंझीनच्या कड्यावर तीन कार्बोक्झिलेट, आणि प्रत्येक कोपऱ्यावर तेच दोन कॉपर, साधारण तेवढ्याच अंतरावर. मी ते बनवतो. तापवून डोक्यावरचं पाणी काढलं की आकाशी पावडर गडद जांभळट निळी होते, आणि बाटली उघडी राहिली तर हवेतलं पाणी घेऊन पुन्हा फिकट. २०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल किटागावा, रॉबसन आणि याघी यांना याच धातू-सेंद्रिय चौकटींच्या कामासाठी मिळालं. त्या छिद्रांत वायू साठवण्यावर सगळ्यांचा भर असतो, पण कोपऱ्यावर हीच जुनी जोडी आहे.

---

निळी_शाई | २९ एप्रिल, दुपारी ४.१०

धागा वर काढते आहे. सर, मोजलं.

डिसेंबरमध्ये १९ तारखेला सकाळी, प्रयोगशाळेत १५ अंश होते. ॲसिटेट भागिले मोरचूद, ग्रॅममागे: ०.६९. काल दुपारी, ३८ अंश. कूलर बंद ठेवला, एकतर वाऱ्याने नळी हलते, दुसरं म्हणजे दमट हवा. पंखाही बंद. घाम नळीला लागू नये म्हणून दोरा चिमट्याने धरून अडकवला. प्रत्येक पदार्थ तीनदा भरला. गुणोत्तर आलं ०.७३.

मार्क कापलेल्या सरांना दोन्ही दिवसांची वही दाखवली. त्यांनी समीकरण स्वतः सोडवून बघितलं, बराच वेळ घेतला, आणि विचारलं की पुढच्या वर्षीच्या मुलांसाठी हा प्रयोग लिहून देशील का. लिहायला घेतला आहे. मानक कुठलं वापरायचं त्यावर अडले आहे. मोरचूदच ठेवू की एकट्या कॉपरचं दुसरं काही, जे एप्रिलच्या कोरड्या हवेतही पाणी सोडणार नाही?

---

अमरावती_रोड | २९ एप्रिल, संध्याकाळी ६.०५

शाब्बास बेटा. अमोनियम कॉपर सल्फेटही पाण्याचाच स्फटिक, तेव्हा ते नको. कॉपरचाच हट्ट सोड. आपल्या पारा-कोबाल्टात पाणीच नाही. मात्र त्याचा १६.४४ न घेता त्या दिवशीच्या तापमानाची किंमत काढून घ्यायची. त्यासाठी क्युरी-वाइसच्या (ससेप्टिबिलिटी तापमानाप्रमाणे कशी बदलते त्या) सूत्रातला स्थिरांक घे, १० केल्विन. उद्या सकाळी वहीचं पान इथे टाक, हिशेब मिळून तपासू.